दोन बाय दोन फुटांच्या रॅकसाठी ग्रो लाइट निवडताना

ग्रो लाइटच्या, म्हणजे झाडं वाढवायच्या दिव्याच्या, खोक्यावर मोठ्या अक्षरात १००० वॅट लिहिलेलं होतं आणि मी त्यावर विश्वास ठेवला. घरातला एक कोपरा रिकामा होता, तिथे लोखंडी रॅक होता, त्याचा एकेक कप्पा साधारण दोन फूट बाय दोन फूट, आणि मला तिथे लेट्यूस, बेसिल, पालक असं काहीतरी हिरवं लावायचं होतं, कारण खिडकीत ठेवलेली रोपं नुसती उंच होऊन आडवी पडत होती, देठ दोऱ्यासारखे बारीक आणि वर दोन फिकट पानं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की उजेड कमी पडतोय, म्हणून सगळ्यात जास्त वॅटचा दिवा घ्यायचा. १००० वॅट म्हणजे भरपूर, झालं.

दिवा आला, लावला, सगळी खोली जांभळी झाली. तीनेक आठवड्यांनी मधल्या कुंडीतली लेट्यूसची पानं कडेनं वळायला लागली आणि वरून पांढुरकी पडली, आणि त्याच कप्प्यात कोपऱ्यातली रोपं मात्र खिडकीतल्यासारखीच लांबुळकी. एकाच दिव्याखाली एका रोपाला उजेड जास्त होतोय आणि हातभर अंतरावरच्या दुसऱ्याला कमी पडतोय, हे मला काही केल्या समजेना. पाणी बदलून पाहिलं, खत कमी केलं, कुंड्यांच्या जागा बदलल्या. शेवटी माझा मावसभाऊ आला होता, तो वायरिंगची कामं करतो, त्यानं बॅगेतून प्लगमध्ये लावायचं वॅटमीटर काढलं आणि दिवा त्यातून लावला तर आकडा आला १०८. म्हणाला, "ताई, हा खरंच हजार वॅटचा असता ना, तर इस्त्री दिवसभर चालू ठेवल्यासारखं झालं असतं, तू इथे बसू शकली नसतीस."

तिथून माझा अभ्यास सुरू झाला. पुढचे दोन-तीन महिने मी जेवढं मिळेल तेवढं वाचलं, मोजलं, पुन्हा मोजलं. दिवा घ्यायच्या आधी मला कुणीतरी जे सांगायला हवं होतं ते इथे लिहितेय, कारण लहान जागेत झाडं वाढवणाऱ्या बऱ्याच जणांचा पहिला दिवा असाच वाया जातो आणि मग त्यांना वाटतं की आपल्याला झाडं जमत नाहीत. तसं नसतं हो, उजेडाचा हिशोब चुकलेला असतो.

आधी त्या १००० वॅटचं बघू. तो आकडा कुठून येतो तर दिव्यात जेवढ्या एलईडी आहेत तेवढ्यांच्या चिपची कागदावरची कमाल क्षमता एकत्र केलेली असते, म्हणजे १० वॅटची चिप गुणिले १००. प्रत्यक्षात त्या चिप कधीच तेवढ्या ताकदीनं चालवत नाहीत, तेवढ्या चालवल्या तर तापून जातील. काही ठिकाणी 'हजार वॅटच्या जुन्या दिव्याच्या बरोबरीचा' अशा अर्थानं लिहितात, तेही तसंच. तर पहिली गोष्ट, भिंतीतून प्रत्यक्ष किती वॅट ओढतो ते शोधायचं. चांगला विक्रेता ते स्पष्ट लिहितो. लिहिलं नसेल तर तो दिवा मी आता बघतसुद्धा नाही.

पण खरे वॅट कळले म्हणजे सगळं कळलं असंही नाही. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो, बास. त्यातल्या किती विजेचा उजेड झाला, किती नुसतीच उष्णता झाली, हे त्यातून कळत नाही. मग मी लुमेन बघायला लागले, तर तेही माणसाच्या डोळ्यासाठीचं माप निघालं. आपला डोळा हिरवट-पिवळ्या उजेडाला, ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, सगळ्यात जास्त संवेदनशील असतो आणि लाल-निळ्याच्या टोकांना खूप कमी, आणि लुमेन त्याच हिशोबानं मोजतात. झाडाचं तसं नाही. झाडाला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला प्रकाशाचा जवळजवळ प्रत्येक कण कामाला येतो, त्या पट्ट्याला पीएआर म्हणतात, आणि झाडाच्या दृष्टीनं हिशोब कणांचा. फोटॉन किती पडले. पाऊस मोजतो ना आपण, तसं.

यात तीन मापं आहेत आणि ती एकदा डोक्यात बसली की दिवा निवडणं खरंच सोपं होतं. पहिलं पीपीएफ, म्हणजे दिव्यातून दर सेकंदाला एकूण किती फोटॉन बाहेर पडतात, ते मायक्रोमोलमध्ये सांगतात (मोल हे कण मोजायचं मोठं माप, डझनासारखं, आणि मायक्रोमोल त्याचा दहा लाखावा भाग). दुसरं पीपीएफडी, त्यातले एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती पडतात, म्हणजे प्रत्यक्ष पानावर काय पोचतंय. आणि तिसरं डीएलआय, दिवसभरात एका चौरस मीटरवर एकूण किती साठले, ते मोलमध्ये. पावसाच्याच भाषेत सांगायचं तर पीपीएफडी म्हणजे आत्ता किती जोरात पडतोय आणि डीएलआय म्हणजे दिवसभरात एकूण किती पडला. झाडाला शेवटी पुरतो तो दिवसाचा एकूण पाऊस.

अंदाज यावा म्हणून सांगते, भर दुपारी निरभ्र आकाशाखाली पीपीएफडी २००० च्या आसपास जातो. आणि आपल्याला वाचायला छान उजेड वाटतो अशा खोलीत, ५०० लक्स वगैरे (लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे लुमेन), तो असतो फक्त ७-८. सात-आठ! डोळा अंधार-उजेडाशी इतका पटकन जुळवून घेतो की हा फरक आपल्याला जाणवतच नाही, आणि म्हणून 'खिडकीजवळ आहे की, चांगला उजेड येतो' असं आपण म्हणत राहतो आणि रोप तिकडे उपाशी.

आता माझ्या कप्प्याचा हिशोब. लेट्यूस, बेसिल असल्या पालेभाज्यांना दिवसाला साधारण १२ ते १७ मोल पुरतात. मी १४ धरले. दिवा १६ तास चालू ठेवायचा. एका तासात ३६०० सेकंद, म्हणून पीपीएफडीला तासांनी आणि ०.००३६ नं गुणलं की डीएलआय मिळतो. उलटं करायचं, १६ गुणिले ०.००३६ करून जे येईल त्यानं १४ ला भागायचं, उत्तर आलं २४३. म्हणजे पानावर सरासरी २४३ मायक्रोमोल पडायला हवेत. कप्पा ६० सेंटीमीटर बाय ६० सेंटीमीटर म्हणजे ०.३६ चौरस मीटर, २४३ गुणिले ०.३६ बरोबर ८७. पण दिव्यातून निघालेला सगळा उजेड पानावर पडत नाही, काही बाजूनं बाहेर जातो, काही भिंतीत मुरतो, म्हणून मी ७० टक्के पोचतो असं धरलं, तर दिव्यातून निघायला हवेत साधारण १२५ मायक्रोमोल दर सेकंदाला. हा माझा आकडा. तुमचा कप्पा वेगळा, झाड वेगळं, तर तुमचा वेगळा येईल, पण रीत हीच.

आता कुठे वॅटची पाळी येते. दिव्याची एफिकसी म्हणून एक आकडा असतो, एका ज्यूल विजेतून किती मायक्रोमोल उजेड (एक वॅट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल). स्वस्तातले जांभळे दिवे १ ते १.५ च्या दरम्यान असतात, आताचे चांगले दिवे २.५ च्या वर, अगदी उत्तम असतील तर ३ च्या आसपास. १२५ भागिले २.५ केलं तर ५० वॅट. १२५ भागिले १.३ केलं तर ९६ वॅट. तेवढाच उजेड, तेवढीच झाडं, वीज जवळजवळ दुप्पट. रोज १६ तास चालवला तर पहिला महिन्याला २४ युनिट खातो आणि दुसरा ४६. दिवा एकदाच घेतो पण वीज रोज घेतो, हे मी पहिल्या वेळी अजिबात बघितलं नव्हतं. आणि जास्तीची वीज जाते कुठे तर उष्णतेत, त्या छोट्याशा कप्प्यातच, मग त्यासाठी पंखा लावा, म्हणजे आणखी वीज.

मिरची किंवा टोमॅटोसारखं फळ धरणारं झाड असेल तर दिवसाला २० ते ३० मोल लागतात, तिथे २५ धरून तोच हिशोब केला की त्याच कप्प्याला ९० वॅटच्या आसपास चांगला दिवा लागतो. म्हणजे 'या जागेला किती वॅट' याचं एकच उत्तर नसतं. आधी झाड ठरवायचं, मग जागा, मग तास, आणि दिवा सगळ्यात शेवटी. मी नेमकं उलटं केलं होतं.

तासांवरून एक सांगायचं राहिलं, तेच १४ मोल १२ तासांत द्यायचे असतील तर पीपीएफडी ३२४ लागतो, १८ तासांत द्यायचे तर २१६ मध्येच भागतं. म्हणजे दिवा लहान असेल तर तास वाढवून बरीच कसर भरून निघते, आणि पालेभाज्यांना मंद पण लांब उजेड छान मानवतो असा माझा अनुभव आहे. पण याला मर्यादा आहेत. पालक हे मोठ्या दिवसाला फुलोऱ्यावर येणारं झाड आहे, त्याला १४ तासांपेक्षा जास्त उजेड दिला की पानं सोडून तुरा काढायला लागतं, माझ्याकडे झालं तसं, म्हणून पालक आता वेगळ्या टायमरवर, १२ तास. टोमॅटोला चोवीस तास दिवा ठेवला तर पानं पिवळी पडून खराब होतात, त्याला रात्र लागतेच. टायमर साधा चालतो, पण हवाच. हातानं रोज चालू-बंद करायचं म्हटलं की दोन आठवड्यांत विसरायला होतं.

आता तो जांभळा रंग. तो आला कुठून हे मला नीट जाणून घ्यायचं होतं, कारण इतके लोक वापरतात म्हणजे काहीतरी कारण असणारच. कारण आहे, अर्धं. पानातलं हरितद्रव्य वेगळं काढून द्रावणात तपासलं की ते निळा आणि लाल उजेड भरपूर शोषतं आणि हिरवा फारच कमी, तो आलेख सगळ्या पुस्तकांत असतो. त्यावरून समज झाला की झाडाला फक्त लाल-निळं द्या, हिरवा वाया. पण द्रावण वेगळं आणि जिवंत पान वेगळं. १९७२ साली मॅक्री नावाच्या शास्त्रज्ञानं २२ प्रकारच्या पिकांच्या पानांवर वेगवेगळ्या रंगांचा उजेड टाकून प्रत्यक्ष प्रकाशसंश्लेषण मोजलं, आणि हिरवा उजेड चांगलाच कामाचा निघाला, लालपेक्षा कमी पण टाकाऊ अजिबात नाही. पानाच्या आत उजेड इकडून तिकडे उड्या मारत राहतो, त्यामुळे हिरवा पण शेवटी बराचसा शोषला जातो, उलट तो पानात खोलवर आणि खालच्या पानांपर्यंत जास्त पोचतो. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी झालेलं काम आहे हे, आणि तरी 'हिरवा उजेड झाडाला लागत नाही' हे वाक्य अजून खोक्यांवर छापलं जातं. मला याचा खरंच राग येतो.

शिवाय जांभळ्या उजेडात झाड दिसतच नाही. सगळी पानं काळपट. पिवळी पडली का, डाग पडले का, मावा लागला का, काही कळत नाही. माझी मधली लेट्यूस वरून पांढरी पडत होती ते मला चार-पाच दिवस उशिरा कळलं, तेही कुंडी उचलून बाहेर आणली म्हणून.

पांढरी एलईडी म्हणजे आतून निळीच असते, निळ्या चिपवर फॉस्फरचा पिवळसर थर, तो निळ्यातला बराचसा उजेड घेऊन हिरवा-पिवळा-लाल करून बाहेर टाकतो. ही कार्यक्षम निळी एलईडी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जमली आणि ती बनवणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. घरातल्या दिव्यांसाठी जगभर हे पांढरे एलईडी इतके सुधारत गेले की झाडांच्या दिव्यालाही त्याचा फायदा झाला, आणि म्हणून आज लहान जागेसाठी पांढरा एलईडी हीच सगळ्यात समंजस निवड आहे असं माझं ठाम मत आहे. ३००० केल्विनचा पिवळसर की ६५०० चा निळसर यावर लोक फार भांडतात, पालेभाजीला दोन्ही चालतात, निळसर उजेडात झाड जरा बुटकं आणि घट्ट राहतं आणि पिवळसर उजेडात जरा पसरतं, मी ४००० घेतला आणि मला काही कमी पडलं नाही.

पांढऱ्याच्या जोडीला ६६० नॅनोमीटरचे लाल एलईडी असतील तर उत्तम, कारण लाल फोटॉन बनवायला निळ्यापेक्षा कमी ऊर्जा लागते, म्हणून एफिकसी वाढते. काही दिव्यांत ७३० नॅनोमीटरवालेही थोडे असतात, त्याला फार रेड (इंग्रजीतलं far-red, लालच्या पलीकडचा) म्हणतात, ते डोळ्याला अगदी मंद दिसतात आणि लोकांना वाटतं ते चारच बल्ब उडालेत. उडालेले नसतात. पण फार रेड जास्त झाला की झाडाला वाटतं आपण दुसऱ्या झाडाच्या सावलीत आहोत, आणि ते उंच व्हायला लागतं, कारण वरच्या पानांतून गाळून खाली येणाऱ्या उजेडात लाल संपलेला आणि फार रेड उरलेला असतो. कमी उंचीच्या कप्प्यात उंच झाड नको असतं. यूव्हीसाठी जास्त पैसे देऊ नका, पालेभाजीला त्याविना काही अडत नाही.

चिपचं नाव बघून दिवा घेणारे बरेच आहेत, सॅमसंगची एलएम३०१ वगैरे. चिप चांगलीच आहे, पण तीच चिप कमी करंटवर चालवली तर जास्त कार्यक्षम असते आणि जोर देऊन चालवली की कार्यक्षमता उतरते. म्हणजे दोन दिव्यांत एकच चिप, पण एकात दोनशे चिप आरामात चाललेल्या आणि दुसऱ्यात साठ चिपांचा घाम निघालेला, तर एफिकसी वेगळी येणार. नाव विचारू नका, पूर्ण दिव्याचा मायक्रोमोल पर ज्यूल आकडा विचारा, ड्रायव्हर (एलईडीला हवी तशी वीज पुरवणारा डबा) धरून.

आता ज्या गोष्टीनं मी सगळ्यात जास्त शिकले ती. समुद्री मासे आणि कोरल पाळणारे लोक पीएआर मीटर वापरतात, कोरललाही उजेड मोजून द्यावा लागतो म्हणून. ओळखीत असे एक काका आहेत, त्यांच्याकडून मी दोन दिवसांसाठी मीटर मागून आणलं. जांभळा दिवा कप्प्याच्या मधोमध, झाडांपासून ३० सेंटीमीटरवर होता. मीटर मधोमध ठेवलं, ५२०. कोपऱ्यात ठेवलं, ९०. मी दोनदा, तीनदा ठेवून बघितलं. ९०च. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, एकूण उजेड माझ्या कप्प्याला पुरेल एवढा होता की हो, हिशोब करून बघा, सरासरी जवळपास तीच येते, पण तो सगळा मधे ओतला जात होता. मधल्या रोपाला गरजेच्या दुप्पट आणि कोपऱ्यातल्याला अर्ध्याहून कमी. पानं करपणं आणि देठ लांबणं, दोन्हीचं कारण एकच होतं, उजेड वाटला गेला नव्हता. तेवढ्यासाठी मी खत बदललं, पाणी बदललं, त्या रोपांना काय काय सोसायला लावलं.

म्हणून आकार. लहान पेटीसारखा दिवा, त्यावर भिंगं बसवलेली, तो लांबून एका जागी उजेड टाकण्यासाठी ठीक आहे, पण रॅकच्या कप्प्यात वर उंचीच नसते, दिवा लांब न्यायला जागा नाही. तिथे पट्ट्या किंवा नळ्या घ्याव्यात, कप्प्याच्या लांबीइतक्या, तीन-चार ओळीनं, साधारण समान अंतरावर, फक्त कडेच्या दोन पट्ट्या मधल्यांपेक्षा जरा कडेकडे सरकवून, कारण मधल्या जागेला दोन्ही बाजूंनी उजेड मिळतो आणि कडेला एकाच बाजूनं. उजेड पसरून येत असेल तर दिवा झाडापासून १५-२० सेंटीमीटरवर ठेवला तरी चालतो. सपाट बोर्डही चांगला, फक्त तो कप्प्याच्या मापाचा हवा, २५ सेंटीमीटरचा बोर्ड ६० सेंटीमीटरच्या कप्प्याला लावला की पुन्हा तेच. विकत घेताना पीपीएफडीचा नकाशा मागा, चौकोनात आकडे लिहिलेले असतात तो. फक्त मधला एक मोठा आकडा छापलेला असेल तर त्याला काही अर्थ नाही, दिवा खाली आणला की मधला आकडा कितीही मोठा करता येतो.

आणि बाजू झाका. मी कप्प्याच्या तिन्ही बाजूंना पांढरी शीट लावली आणि चौथ्या बाजूला उचलता येईल असा पांढरा पडदा. नव्या पट्ट्यांखाली शीटशिवाय कोपऱ्यात १४० येत होते, शीट लावल्यावर १९०. एक वॅट न वाढवता. चकचकीत मायलर (आरशासारखा प्लॅस्टिकचा कागद) असेल तर तेही चालेल, पण स्वयंपाकाची ॲल्युमिनियम फॉइल लावून मला काही फायदा दिसला नाही, तिला सुरकुत्या पडतात आणि उजेड कुठल्या कुठे जातो.

मीटर सगळ्यांना मिळणार नाही, मग फोन. लक्स मोजायचं ॲप असतं, फोनच्या पुढच्या बाजूच्या सेन्सरवर ते चालतं, सेन्सरवर पातळ पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवून फोन पानाच्या उंचीवर आडवा ठेवायचा. पांढऱ्या एलईडीखाली आलेल्या लक्सला ७० नं भागलं की पीपीएफडीचा अंदाज मिळतो, सूर्यप्रकाश असेल तर ५४ नं. म्हणजे माझ्या २४३ साठी १७००० लक्स. फोनाफोनात फरक पडतो, म्हणून आकडा अगदी खरा धरू नका, पण मधलं आणि कोपऱ्यातलं यांचं प्रमाण फोनही बऱ्यापैकी दाखवतो आणि आपल्याला मुख्यतः तेच बघायचंय. जांभळ्या दिव्याखाली हा प्रकार अजिबात करू नका, लक्स तिथे काहीच्या काही येतात.

याच ७० च्या आकड्यातून आणखी एक गोष्ट कळते. घरात लावतो त्या साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूबवर लुमेन आणि वॅट दोन्ही लिहिलेले असतात. १०० लुमेन पर वॅट असेल तर भागिले ७०, म्हणजे १.४ मायक्रोमोल पर ज्यूल. माझ्या 'ग्रो लाइट' लिहिलेल्या जांभळ्या दिव्याइतकी किंवा त्याहून बरी. १५० लुमेनवाली मिळाली तर २.१ झाली. त्यामुळे ज्यांना फक्त बियांची रोपं करायची आहेत किंवा मायक्रोग्रीन (अगदी कोवळ्या असतानाच कापायच्या भाज्या) लावायच्या आहेत त्यांना माझं सांगणं, साध्या ट्यूब लावा, जवळ लावा, चार लावा, आणि 'ग्रो' हा शब्द विसरा.

सुरक्षेचं मात्र घाईत सोडू नका. पाणी आणि वीज एकाच रॅकवर आहे. अर्थिंग असलेला तीन पिनांचा प्लग हवा, ड्रायव्हर शक्यतो कप्प्याच्या बाहेर आणि कुंड्यांपेक्षा उंचावर, आणि वायर सॉकेटमध्ये जायच्या आधी खाली झोल देऊन मग वर न्यायची, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोलापाशी गळून पडतं, सॉकेटमध्ये जात नाही. हे भावानं करून दिलं. एकाच एक्स्टेंशनवर दिवे, पंखा, पंप सगळं लादायचं नाही हेही त्यानंच बजावलं. दिव्याकडे टक लावून बघू नका आणि लहान मुलं असतील तर पडदा हवाच.

ड्रायव्हर वेगळा काढता येतो का ते विचारून घ्या, कारण बिघडतो तो बहुतेक वेळा ड्रायव्हर, एलईडी नाही. ५०००० तास आयुष्य असं लिहिलेलं असतं, रोज १६ तास चालवला तर ती साडेआठ वर्षं होतात, आणि त्याचा अर्थ तेव्हा दिवा बंद पडेल असा नसतो, उजेड तोवर ठरलेल्या टक्क्यांपर्यंत उतरेल असा असतो, एल७० म्हणजे ७० टक्के उरेल, एल९० म्हणजे ९०. एल९० वाला आकडा जास्त कामाचा. आणि दिव्यावर धूळ बसते, महिन्यातून एकदा बंद करून कोरड्या कापडानं पुसा.

मी शेवटी काय घेतलं तर चार पांढऱ्या पट्ट्या, लाल एलईडी मधे मधे, एकूण ६० वॅट, एफिकसी २.४, डिमरसकट. डिमर हवाच म्हणेन मी, कोवळ्या रोपांना पूर्ण उजेड सोसत नाही, पहिले दहा-बारा दिवस मी निम्म्यावर ठेवते आणि मग हळूहळू वाढवते. आता ८५ टक्क्यांवर चालतोय, मधे २९० आणि कोपऱ्यात १९०. जुना दिवा १०८ वॅट खायचा, हा ५१ खातो. लेट्यूसच्या टोकाच्या पानांच्या कडा एकदा तपकिरी झाल्या होत्या, तेव्हा मला वाटलं पुन्हा उजेड जास्त झाला, पण कारण थोडं वेगळं होतं, वाढ जोरात होते तेव्हा नव्या पानाच्या टोकाला कॅल्शियम वेळेवर पोचत नाही, आणि हवा हलत नसेल तर पान पाणी कमी ओढतं म्हणून आणखीनच कमी पोचतं. छोटा पंखा लावला, दिवा जरा मंद केला, पुढची पानं स्वच्छ आली.

वरच्या कप्प्यासाठी आता मिरचीची सहा रोपं आहेत, चार-चार पानांची. तिथे मी अजून दिवा घेतलेला नाही, सध्या खालच्या कप्प्यातच, पट्ट्यांखाली, ती वाढताहेत. काल मोजपट्टी आणि पेन्सिल घेऊन वरच्या कप्प्याच्या फळीवर नऊ चौकोन आखून ठेवलेत, प्रत्येकात आकडा लिहायला जागा सोडून, आणि काकांना विचारलंय की मीटर पुन्हा दोन दिवस मिळेल का.